इम्पेकेबल म्हणजे नेमकं काय? निर्दोष, निष्कलंक की आणखी काही?

शब्दवेडी
एका इंग्रजी व्यक्तिचित्राचा मराठी अनुवाद करते आहे. त्यातल्या बाईंना लेखकाने एकाच परिच्छेदात तीन वेळा 'इम्पेकेबल' म्हटलंय. त्यांचं वागणं इम्पेकेबल, अभिरुची इम्पेकेबल आणि टायमिंगही इम्पेकेबल. शब्दकोश उघडला की पहिला अर्थ समोर येतो तो 'निर्दोष'. पण 'त्यांचं वागणं निर्दोष होतं' असं लिहिलं की वाटतं, बाईंवर खटला चालला होता आणि त्या पुराव्याअभावी सुटल्या. 'निष्कलंक' म्हणावं तर सगळा रोख चारित्र्याकडे जातो. आणि अभिरुची निष्कलंक कशी असेल?

म्हणून दोन प्रश्न. हा शब्द मुळात आला कुठून, त्याच्या पोटात काय आहे? आणि फ्लॉलेस, इमॅक्युलेट, परफेक्ट हे त्याचे भाऊबंद एकमेकांच्या जागी चालतात का? माझ्या मते चालत नाहीत. सगळ्यांना सरसकट 'निर्दोष'च्या दावणीला बांधलं की इंग्रजी वाक्याचीही चव जाते आणि मराठीचीही. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

चकवा
परिपूर्ण. विषय संपला.

शब्दवेडी
@चकवा, 'त्यांचं टायमिंग परिपूर्ण होतं' हे एकदा मोठ्याने वाचून बघा.

चकवा
वाचलं. चालू द्या.

टवाळ पोपट
पेक म्हणजे चोच मारणे. ज्याला कुणी चोच मारू शकत नाही, तो इम्पेकेबल. आमच्या जातभाईंमध्ये हाच अर्थ रूढ आहे.

जुनी लिपी
पोपटराव, चोचीचा 'पेक' वेगळ्या घराण्यातला. पण अर्थ बघा, ज्याच्यावर टोचा मारता येत नाही असा माणूस! चुकीच्या वाटेने का होईना, मुक्कामाच्या जवळ पोचलात.

मूळ लॅटिन. 'पेक्कारे' म्हणजे पाप करणे, चुकणे. त्याला आधी नकाराचा 'इन्' (प च्या आधी त्याचा 'इम्' होतो) आणि शेवटी शक्यता दाखवणारा प्रत्यय. 'इम्पेक्काबिलिस' म्हणजे ज्याच्या हातून पाप घडूच शकत नाही असा. इंग्रजीत हा शब्द १६व्या शतकात आला तो धर्मशास्त्राचं बोट धरून. ईश्वर, ख्रिस्त, स्वर्गाला पोचलेले आत्मे यांच्याबद्दल तो वापरायचे. नीटनेटके कपडे आणि उत्तम अभिरुची यांच्याशी त्याचा संबंध नंतर जुळला.

इथे शेवटचा प्रत्यय फार महत्त्वाचा आहे. 'पाप केलेलं नाही' आणि 'पाप करूच शकत नाही' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. संत ऑगस्टीनने माणसाच्या अवस्था नेमक्या यावरूनच मांडल्या. पतनापूर्वी, म्हणजे आदाम-हव्वेच्या पहिल्या पापाआधी, पाप न करणं माणसाला शक्य होतं, म्हणजे निवड त्याच्या हातात होती. पतनानंतर त्याला पापावाचून राहता येईना. आणि मोक्षाच्या अवस्थेत तो पाप करूच शकणार नाही, 'नॉन पोस्से पेक्कारे'. ही शेवटची अवस्था म्हणजे खरी इम्पेकेबिलिटी. आज आपण कुणाच्या इस्त्रीच्या सदऱ्याला इम्पेकेबल म्हणतो तेव्हा एवढा मोठा शब्द किती खाली उतरलाय याचा अंदाज येतो.

अर्धविराम
'पेकाडिलो' याच कुळातला ना? किरकोळ पाप, बारीकशी लफडी वगैरे?

जुनी लिपी
हो. स्पॅनिश 'पेकादो' म्हणजे पाप, त्याचं लाडकं रूप 'पेकादिल्यो', छोटंसं पाप. इटालियनमध्ये तर 'के पेक्कातो!' म्हणजे 'अरेरे, काय हे!' सहल रद्द झाली तरी म्हणतात. शब्दशः पाहिलं तर 'केवढं हे पाप!'

नकाशेवाला
पेक्कारेचा विषय निघाला आणि सिंधचा किस्सा आला नाही असं कसं होईल?

१८४३ मध्ये सर चार्ल्स नेपियर या ब्रिटिश सेनापतीने मियाणीच्या लढाईनंतर सिंध जिंकला. वरिष्ठांनी त्याला इतक्या टोकाला जायला सांगितलं नव्हतं. गोष्ट अशी सांगतात की त्याने एकाच लॅटिन शब्दाचा अहवाल धाडला, 'पेक्कावी'. अर्थ 'मी पाप केलं'. इंग्रजीत 'आय हॅव सिन्ड', आणि कानाला ऐकू येतं 'आय हॅव सिंध'!

पण नेपियरने असं काही धाडलंच नव्हतं. हा श्लेष कॅथरीन विंकवर्थ या किशोरवयीन मुलीचा. तिने तो 'पंच' या विनोदी साप्ताहिकाकडे पाठवला आणि १८४४ मध्ये तो छापून आला. लोकांनी त्याला इतिहास मानलं. श्रेय अजूनही सेनापतीला जातं आणि मुलीचं नाव मागे राहतं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. म्हणून संधी मिळाली की मी हा किस्सा तिच्या नावासकट सांगतो.

तळटीप
वाखूसा (वाचनखूण साठवली). किस्सा माहीत होता, विंकवर्थ माहीत नव्हती.

उंबरठा
मग इम्पेकेबल आणि इन्फॉलिबल एकच की. पोपना इन्फॉलिबल म्हणतात, म्हणजे ते पाप करू शकत नाहीत असंच मानतात ना?

जुनी लिपी
@उंबरठा, नाही, आणि हा घोळ फार जुना आहे. इन्फॉलिबल ज्या लॅटिन 'फाल्लेरे'पासून आला त्याचा अर्थ फसवणे, चकवणे. १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने जो सिद्धांत मांडला तो इतकाच, की पोप जेव्हा आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने श्रद्धा किंवा नीती यांविषयी साऱ्या चर्चसाठी एखादी शिकवण निश्चित करतात, तेव्हा ती शिकवण चुकीची नसते. पोप माणूस म्हणून पाप करू शकत नाहीत असा दावा चर्च करत नाही. पोपसुद्धा आपल्या पापांची कबुली देतात. शिकवण न चुकणं ते इन्फॉलिबल, पाऊल न चुकणं ते इम्पेकेबल.

दृष्टिकोन
मी नेत्रतज्ज्ञ. 'इमॅक्युलेट'वर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लॅटिन 'माकुला' म्हणजे डाग, ठिपका. इमॅक्युलेट म्हणजे ज्यावर डाग नाही तो. पण डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक पिवळसर भाग असतो, त्याचं नाव मॅक्युला ल्युटिया, म्हणजे शब्दशः पिवळा डाग. मराठी पुस्तकांत पीतबिंदू. तुम्ही आत्ता ही ओळ वाचताय, समोरच्याचा चेहरा ओळखताय, सुईत दोरा ओवताय, ते सगळं या इवल्याशा भागाच्या जोरावर. वय वाढल्यावर काही जणांचा हा भाग झिजतो. मग त्यांना खोलीच्या कडा दिसतात, पण ज्याच्याकडे थेट पाहावं तेच नेमकं पुसलेलं दिसतं. तेव्हा डोळा खरोखर 'इमॅक्युलेट' झाला तर माणूस वाचनाला मुकेल. त्वचारोगवालेही 'मॅक्यूल' म्हणतात, म्हणजे त्वचेवर वर न आलेला, सपाट डाग.

त्यामुळे माझ्या कानाला इमॅक्युलेट हा कायम पृष्ठभागाचा शब्द वाटतो. कापड, भिंत, सदरा, हिरवळ. जिथे डाग पडू शकतो, तिथेच तो शोभतो.

सांजवात
फक्त पृष्ठभागाचा कसा? 'इमॅक्युलेट कन्सेप्शन' आहे की. येशूचा जन्म कुमारी मातेच्या पोटी झाला, ते.

जुनी लिपी
सांजवातताई, पुष्कळ लोक असंच समजतात, पण ते कुमारीजन्माबद्दल नाही. ९वा पायस या पोपने ८ डिसेंबर १८५४ रोजी जाहीर केलेला तो सिद्धांत मरियेच्या स्वतःच्या गर्भसंभवाबद्दल आहे. आईच्या पोटात तिचं अस्तित्व सुरू झालं त्या क्षणापासून तिला मूळ पापाचा, म्हणजे त्या पतनातून सगळ्या माणसांना वारशाने आलेल्या पापाचा, डाग लागला नव्हता, असा त्याचा अर्थ. म्हणजे इथेही डागच! पाप म्हणजे आत्म्यावरचा डाग ही कल्पना असल्याशिवाय हा शब्द तिथे बसलाच नसता. कलंक म्हणजे डाग, म्हणून 'निष्कलंक' हा इमॅक्युलेटचा अक्षरशः जुळा भाऊ.

शब्दवेडी
हे मस्त झालं. म्हणजे इमॅक्युलेट = निष्कलंक, ही जोडी पक्की. मग इम्पेकेबलचा जुळा भाऊ कोण? 'निष्पाप' नाही ना म्हणता येणार? निष्पाप म्हटलं की लहान मूल डोळ्यांसमोर येतं.

मुद्रितशोधक
माझा पेशाच चुका शोधण्याचा, तेव्हा थोडं लांबण लावतो.

मराठीत 'चूक' हा शब्द कुठून कुठून डोकावतो ते बघा. रस्ता चुकला, गाडी चुकली, नेम चुकला, ठोका चुकला. म्हणजे चुकणं हे आधी 'हुकणं' आहे, जिथे पोचायचं होतं तिथे न पोचणं. 'अचूक' आपण अजूनही सर्वांत सहज कशाला लावतो? नेमाला. संस्कृतातही तेच. अपराध म्हणजे अप + राध्, लक्ष्यापासून ढळणं. ज्याचा बाण लक्ष्यावरून चुकतो अशा धनुर्धराला अमरकोशात 'अपराद्धपृषत्क' असा खास शब्द आहे. बाण हुकलेला तो अपराधी! ग्रीकांचा 'हमार्तिया' हाही नेम चुकण्यावरूनच आलेला. अ‍ॅरिस्टॉटल शोकांतिकेच्या नायकाबद्दल तो वापरतो आणि पुढे बायबलच्या ग्रीकमध्ये त्याचाच अर्थ पाप होतो.

दुसरा शब्द 'प्रमाद'. त्यात 'मद' आहे. बेसावधपणा, धुंदी. ही माझ्या कामातली चूक. मुद्रितं तपासताना डोळा अक्षरं वाचत नाही, तो अर्थ वाचतो. 'परिस्थिती'ची 'परीस्थिती' झालेली असते आणि गोष्ट रंगात आली की ती दिसतच नाही. मोठ्या टायपातल्या मथळ्यातली चूक सर्वांत शेवटी सापडते, कारण तिच्याकडे संशयाने कुणी बघतच नाही. म्हणून आम्ही शेवटच्या फेरीत पान खालून वर वाचतो, ओळीमागून ओळ, म्हणजे अर्थ लागू नये. अर्थ सुटला की अक्षर दिसतं.

तेव्हा 'दोष नसणे' या एका गोष्टीसाठी इतके शब्द का, याचं उत्तर माझ्या मते असं की प्रत्येक भाषेने आधी दोषाचं रूप पाहिलं आणि मग त्याला 'नाही' म्हटलं. डाग नाही, हुकणं नाही, धुंदी नाही, तडा नाही.

चंद्रकोर
+१. या प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला.

पैलू
'तडा' म्हणालात म्हणून. मी रत्नपरीक्षक आहे. 'फ्लॉ' हा आमचा रोजचा शब्द. त्याचं मूळ उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतल्या 'फ्लागा'कडे, म्हणजे दगडाची चीप, ढलपी, याकडे नेतात. मध्ययुगीन इंग्रजीत फ्लॉ म्हणजे हिमाचा कण किंवा ठिणगी, पुढे तडा, आणि मग कुठलाही दोष. म्हणजे फ्लॉलेस हा मुळातच दगडाला शोभणारा शब्द.

आणि आमच्याकडे त्याची व्याख्या आहे. जीआयए या अमेरिकेतल्या रत्नशास्त्र संस्थेच्या प्रतवारीत प्रशिक्षित डोळ्याला दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून हिऱ्याच्या आत किंवा बाहेर काहीही दिसलं नाही, तरच तो 'फ्लॉलेस'. आत काही नाही पण पृष्ठभागावर बारीक खुणा आहेत, तर 'इंटर्नली फ्लॉलेस'. त्याखाली उतरत्या पायऱ्या. भिंगाखाली हिरा धरून हळूहळू कलता करत न्यायचा, उजेड बाजूने घ्यायचा. मग एखाद्या कोनात अचानक पिसासारखी एक तड चमकून जाते, किंवा टाचणीच्या टोकाएवढा स्फटिक दिसतो. कोन अंशभर बदलला की गायब. त्याच हिऱ्याला शंभरपट मोठं करून पाहिलं तर काही ना काही सापडेलही. पण तो प्रश्न विचारायचाच नाही असं ठरलेलं आहे. दहापट, बस्स.

मला यात समंजसपणा वाटतो. किती बारकाईने बघायचं हे आधी ठरलं असेल, तरच 'निर्दोष' या शब्दाला अर्थ आहे.

मुद्रितशोधक
@पैलू, 'किती बारकाईने बघायचं ते आधी ठरवा' हे छापखान्याच्या दारावर लावायला हवं.

काजवा
दोषाच्या विषयावरून आठवलं, 'सिन्सिअर' म्हणजे 'सिने सेरा', मेणाशिवाय. रोमन शिल्पकार पुतळ्यातले तडे मेणाने बुजवायचे, आणि अस्सल पुतळ्यावर 'मेणाशिवाय' असं लिहायचे. त्यावरून प्रामाणिक हा अर्थ.

जुनी लिपी
@काजवा, गोष्ट फारच गोड आहे, पण व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही. लॅटिनमध्ये 'सिंकेरुस' हा शब्द आधीपासून आहे, अर्थ शुद्ध, अखंड, न भेसळलेला. दोन शब्द जोडून तो बनल्याचा पुरावा नाही. ही कथा नंतर रचलेली. शब्दाची इतकी सुबक गोष्ट कुणी सांगितली की मी आधी तारीख विचारतो.

काजवा
मग 'प्रिस्टीन'ची पण सांगून टाका.

जुनी लिपी
'प्रिस्टिनुस' म्हणजे पूर्वीचा, जुना. इंग्रजीतही कित्येक शतकं प्रिस्टीन म्हणजे नुसतं 'मूळचं, आधीच्या अवस्थेतलं'. 'नवंकोरं, स्वच्छ' हा अर्थ अगदी अलीकडे, २०व्या शतकात पसरला. जुना या अर्थाचा शब्द नवाकोरा या अर्थावर पोचला!

गणिती
'परफेक्ट' राहिला. 'पेर' म्हणजे पुरतं आणि 'फाकेरे' म्हणजे करणे. परफेक्ट म्हणजे करून पुरं झालेलं. त्यात दोषाचा उल्लेखच नाही! वरचे सगळे शब्द 'अमुक नाही' असं सांगतात, हा एकटा 'झालं' असं सांगतो. म्हणून व्याकरणातला परफेक्ट टेन्स मराठीत 'पूर्ण काळ' होतो. तिथे 'निर्दोष काळ' म्हणून बघा, लगेच कळेल. गणितातही 'परफेक्ट नंबर' म्हणजे स्वतःच्या भाजकांच्या बेरजेएवढी संख्या (स्वतःला वगळून). १+२+३ = ६. पुढची २८, मग ४९६, मग ८१२८. काही उरत नाही, काही कमी पडत नाही.

अर्धविराम
'मोअर परफेक्ट' हे चूक, असं शाळेत शिकवलं होतं. पण अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेच्या पहिल्याच वाक्यात 'अ मोअर परफेक्ट युनियन' आहे!

गणिती
'पुरं झालेलं' हा अर्थ घेतला तर ते चूक नाही. अधिक पुरा झालेला संघ, आधीच्यापेक्षा जास्त घट्ट. 'अधिक निर्दोष' म्हटलं की मात्र गडबड होते.

रानवारा
परफेक्टची बहीण आपल्या डोळ्यांसमोर आहे, संस्कृत! सम् + कृ, नीट पुरती केलेली, घडवलेली. 'पेर-फाकेरे' आणि 'सम्-कृ' यांची घडण जवळपास एकच.

जुनी लिपी
रानवारा, क्या बात है.

आता शब्दवेडींच्या जुळ्या भावाच्या प्रश्नाकडे येतो. 'पेक्कारे'च्या मागे काय आहे याबद्दल अभ्यासकांचं पूर्ण एकमत नाही. पण एक मत असं की तो 'पाय' या अर्थाच्या प्राचीन 'पेद्' धातूकडे जातो, म्हणजे मूळ अर्थ ठेचकाळणे, पाऊल अडखळणे. हे मत धरलं तर मराठीत त्याचं नातेवाईक लगेच सापडतं, स्खलन. 'माणूस स्खलनशील आहे' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं हेच म्हणतो, की त्याचा पाय घसरू शकतो. आणि कधीच न घसरणारा तो अच्युत. विष्णूच्या या नावाला इम्पेकेबल हा जवळपास सरळ प्रतिशब्द आहे. माझं मत अस्खलित या शब्दाला.

तळटीप
असहमत. 'अस्खलित' मराठीत वाणीला बांधलेला आहे. अस्खलित वक्तृत्व, अस्खलित इंग्रजी. 'त्यांचं वागणं अस्खलित होतं' वाचून लोक विचारतील, वागणं बोलत होतं का? व्युत्पत्ती जुळली म्हणजे शब्द जुळला असं होत नाही. अनुवादात आजचा कान महत्त्वाचा, १६व्या शतकातला नव्हे.

जुनी लिपी
मान्य नाही. शब्द वापरूनच रुळतात.

तळटीप
रुळतील तेव्हा रुळतील. शब्दवेडींना मजकूर आत्ता द्यायचा आहे.

सांजवात
तुम्ही दोघं भांडा, मी एक सुचवू का? आपण बोलताना विशेषण वापरतच नाही. आपण म्हणतो, 'तिच्या वागण्याला नाव ठेवायला जागा नव्हती.' किंवा 'कुठे बोट ठेवायला जागा नाही.' इम्पेकेबलमध्येही तेच आहे ना? बघणारा शोधतो आहे आणि त्याला काही सापडत नाही.

मुद्रितशोधक
सांजवातताई, साष्टांग! आणि 'नाव ठेवायला जागा नव्हती' यात ती शक्यताही आली, जुनी लिपी ज्या प्रत्ययाबद्दल सांगत होते ती. नावं ठेवली नाहीत असं नव्हे, ठेवताच येत नव्हती.

जुनी लिपी
याला माझा बिनशर्त पाठिंबा. 'अस्खलित' मागे घेतो, निदान या वाक्यापुरता.

टवाळ पोपट
चोच मारायला जागा नव्हती. पहिल्याच पानावर सांगितलं होतं.

शब्दवेडी
सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही ठिकाणी एकच शब्द बसवायचा हट्ट मी सोडला. आत्ता असं केलंय: 'त्यांच्या वागण्याला नाव ठेवायला कुठे जागा नसे. अभिरुची चोख. आणि वेळ साधण्यात त्या अचूक.' 'चोख' घेतला कारण त्यात अस्सल सोन्याचा अर्थ आहे, भेसळ नाही असा, आणि अभिरुचीत मुख्य भीती भेसळीचीच असते. मुद्रितशोधकांच्या प्रतिसादामुळे 'अचूक' टायमिंगसाठी राखून ठेवला, कारण तिथे खरोखरच नेम असतो.

एकच शंका उरते. इंग्रजी लेखकाने तोच शब्द तीनदा मुद्दाम वापरला असेल, तर ती पुनरुक्ती माझ्याकडून हरवते.

तळटीप
पुनरुक्ती हवीच असेल तर तिन्ही वाक्यांची घडण सारखी ठेवा, शब्द वेगळे राहू द्या. 'वागणं असं की नाव ठेवायला जागा नाही, अभिरुची अशी की भेसळ नाही, टायमिंग असं की चूक नाही.' तीनदा 'नाही' येतो आणि ठेका टिकतो.

शब्दवेडी
हे घेते. 'टायमिंग'च ठेवू की 'वेळेचं भान'?

तळटीप
टायमिंगच. तो शब्द आता आपलाच आहे.